नवऱ्याच्या पॅचला माझी हरकत

सोमवार, ३ मार्च

आला एकदाचा! सकाळी मेलिंग लिस्ट उघडली तर सगळ्यात वर याचा पॅच, म्हणजे तपासायला पाठवलेला नवा कोड. पाठवणारा माणूस त्या वेळी माझ्यासमोर बसून चहात बिस्कीट बुडवत होता. मी मान वर करून पाहिलं तर त्याने फोनमध्ये डोकं खुपसलं, आणि बिस्कीट गेलं चहात.

किती वर्षं कर्नलच्या (कंप्युटरच्या अगदी मुळाशी चालणारा प्रोग्राम तो) या एका कोपऱ्यात बसून लोकांचा कोड तपासतेय — कुठलं यंत्र कधी झोपवायचं, कधी उठवायचं, बॅटरी कशी वाचवायची. जगभरातल्या अनोळखी माणसांना हो-नाही करत आले, कुणाचं तोंड बघायची वेळ आली नाही. आता थेट नवराच! आणि मुहूर्त तरी कसला काढलाय. वर्षभर घरी बसून काढल्यावर याला कशीबशी ही नोकरी लागली, कधी घरून तर कधी ऑफिसात, तीही अजून कच्ची. याच्या साहेबांनी सांगून ठेवलंय — हा ड्रायव्हर, म्हणजे त्यांचं यंत्र चालवणारा हा कोड, कर्नलच्या येत्या आवृत्तीत गेला की कायम करतो, नाही तर बघू. 'बघू' म्हणजे काय ते मागच्या कंपनीने आम्हाला नीट शिकवलंय.

आजोबांना लगेच लिहिलं. (आजोबा म्हणजे या सगळ्या भागाचे मुख्य. लिस्टवर सगळे त्यांना आजोबाच म्हणतात, त्यांनाही चालतं.) म्हटलं, हा माझा नवरा आहे, पॅच दुसऱ्या कुणाकडे द्या. उत्तर आलं ते असं — दुसरं आहे कोण? लिस्ट उघडी आहे, सगळ्यांना सगळं दिसतं, तूच तपास.

संध्याकाळी आम्ही दोघांनी ठरवून टाकलं. घरात पॅचबद्दल एक अक्षर नाही. जे काय विचारायचं, सांगायचं ते लिस्टवर, चारचौघांत. हा म्हणाला, मॅडम म्हणतील तसं. वर सलाम ठोकला! आगाऊ.

मंगळवार, ४ मार्च

निम्मा वाचून झाला. गोदामात माल मोजायचं हातातलं यंत्र असतं — खोक्यावर धरलं की बीप करतं — त्याचा ड्रायव्हर आहे. यंत्र खाली ठेवलं की झोपायचं, उचललं की जागं व्हायचं, एवढंच. पण तेवढ्यातच सगळी गंमत असते.

कोड नीटनेटका आहे. याचा हात लगेच ओळखू येतो. चार शब्दांत भागेल तिथे दहा. फंक्शनची नावं एवढी लांब की एका दमात वाचता येत नाहीत. बाकी अजून काही सापडलं नाही. बरं वाटतंय! काहीच न सापडो.

गुरुवार, ६ मार्च

सापडलं.

साधीच चूक, या धंद्यात प्रत्येकाने एकदा तरी केलेली. प्रत्येक यंत्राच्या नावाने कर्नल एक मोजणी ठेवतो. ज्याला यंत्र जागं हवं त्याने त्यात एक वाढवायचा, काम झालं की एक कमी करायचा. मोजणी शून्यावर आली की यंत्राने झोपायचं. आता मेख अशी, की उठवण्याचं जे जुनं फंक्शन आहे ते यंत्र उठलं नाही तरी मोजणीत एक वाढवून ठेवतं. म्हणजे उठवणं फसलं तरी तो एक आपणच आठवणीने कमी करायचा. याने केला नाही. फसलं म्हटल्यावर हा आपला हात झटकून मोकळा! तो एक तसाच राहतो, मोजणी पुन्हा कधी शून्यावर येत नाही, यंत्र काही झोपत नाही, आणि दुपारपर्यंत बॅटरीचा निकाल लागतो.

हरकत लिहिली. इतरांना लिहिते तशीच, दोन वाक्यांत. पाठवायचं बटण दाबण्याआधी मात्र तीच दोन वाक्यं चारदा वाचली. खरं सांगायचं तर इतकी वर्षं कधी दुसऱ्यांदा वाचायची वेळ आली नव्हती.

याचं उत्तर पंधरा मिनिटांत लिस्टवर — 'आपण लक्षात आणून दिल्याबद्दल आभारी आहे.' आपण! आभारी! शेजारच्या खोलीतून! मला हसूही आलं आणि कसंसंही झालं.

शुक्रवार, ७ मार्च

सासूबाईंना कळलं. हा फोनवर साहेबांना समजावत होता, ते त्यांनी ऐकलं. भाजी निवडता निवडता मला विचारलं, तू याचं काम नापास केलंस म्हणे? म्हटलं, आई, नापास नाही, दुरुस्तीला परत पाठवलं. त्या म्हणाल्या, शाळेत याच्या वहीवर बाई तेच लिहायच्या, आम्ही त्याला नापासच म्हणायचो.

मग मी उरलेली जुडीही आपल्याकडे ओढली.

शनिवार, ८ मार्च

याने पॅचची दुसरी आवृत्ती पाठवलीसुद्धा. एवढी घाई नको होती रे. पण साहेब दर दोन तासांनी फोन करतात, त्याला काय करणार! पुढच्या शुक्रवारी कर्नलच्या या खेपेचं दार बंद. नंतर आलेलं सगळं पुढच्या खेपेला, म्हणजे तीन महिन्यांनी.

सोमवार, १० मार्च

ज्याची भीती होती तेच झालं.

याने जुनं फंक्शन काढून नवं घातलं. उत्तम. नवं शहाणं आहे — उठवणं फसलं तर आपला वाढवलेला एक ते स्वतःच कमी करतं. पण मी मागे हरकत घेतली होती ना, की फसल्यावर एक कमी कर — तेही याने केलं! म्हणजे एकदा फंक्शन कमी करणार, एकदा हा. दुसऱ्या वेळी जो कमी होतो तो याचा नसतोच, दुसऱ्याच कुणाचा तरी असतो. कुणीतरी यंत्र वापरत असताना मोजणी शून्यावर येणार, आणि यंत्र त्याच्या हातातच झोपणार. आधी झोपतच नव्हतं, आता भलत्या वेळी झोपेल. आणि हे पहिल्यापेक्षा वाईट. बॅटरी संपली तर दिसते तरी. हे कुणाला दिसणार नाही, नुसता माल मोजायचा राहून जाईल.

क्वचितच होईल. चिप उठायला नकार देणं, नेमकं त्याच वेळी दुसऱ्या कुणाचं काम चालू असणं — किती वेळा होणार असं?

आमच्याकडे पॅचखाली दोन तऱ्हेच्या ओळी लिहायची पद्धत आहे. 'हरकत नाही' — म्हणजे वरवर पाहिलं, ठीक दिसतं. आणि 'तपासलं' — म्हणजे ओळ न् ओळ वाचली, उद्या काही झालं तर मला विचारा. दुपारभर मी त्या पहिल्या ओळीशी खेळत बसले. 'हरकत नाही' लिहायचं आणि सुटायचं. त्यात खोटं तरी काय? वरवर पाहिलं तर ठीकच दिसतं! लिहिलंसुद्धा. मग खोडलं. परत लिहिलं. शेवटी कंप्युटर बंद करून बाहेर फिरून आले.

मंगळवार, ११ मार्च

सकाळी सगळ्यांत आधी हरकत पाठवली. आता काय व्हायचं ते होऊ दे.

दिवसभर लिस्टवर याचं उत्तर नाही. आपणही नाही आणि आभारीही नाही.

बुधवार, १२ मार्च

भांडलो. म्हणजे आवाज कुणाचाच चढला नाही, पण भांडलो.

जेवणं झाल्यावर हा भांडी घासत होता, मी पुसत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "एकदा तरी मला तोंडी सांगायचंस. सगळ्या जगाला सांगायच्या आधी."

मी म्हटलं, "तोंडी सांगितलं असतं तर उद्या लोक म्हणाले असते, बायकोने करून दिलं."

"लोकांचं सोड. मी इथेच होतो, भिंतीपलीकडे."

नियम दोघांनी मिळून केला होता हे खरं. पण त्याचा चेहरा बघून नियम काढायची हिंमत झाली नाही. मी ताट पुसत राहिले, कोरडं झालेलं ताट पुन्हा पुसलं. हा हात कोरडे करून खाली गेला आणि बऱ्याच वेळाने परत आला.

मला वाईट वाटतंय. हरकत बरोबर होती, तरीही वाटतंय. दोन्ही एकदम खरं असू शकतं हे कुणी आधी सांगितलं नव्हतं.

शुक्रवार, १४ मार्च

दार बंद झालं. आजोबांनी या खेपेची यादी लावली. याचा पॅच नाही.

रविवार, १६ मार्च

घरात सगळे एकमेकांशी फार नीट वागतायत. मीठ हवं का, पंखा कमी करू का, आधी तू अंघोळीला जातेस का. नकोसं झालं.

सासूबाई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या, मी चिमटे देत होते. त्यांनी एकदम विचारलं, "मला त्यातलं काही कळत नाही. एवढंच सांग, तुझं बरोबर होतं का?"

म्हटलं, "हो, आई."

"मग झालं तर. पण तोंड पाडून बसू नकोस. एक पडलेलं तोंड मी सांभाळतेय, दोन मला झेपायची नाहीत."

मला एकदम रडू आलं, आणि मी चादरीआड गेले. त्यांना दिसलंच असणार. पण त्यांनी चिमटाच मागितला, दुसरं काही विचारलं नाही. फार बरं वाटलं. म्हणजे घरात मी अगदीच खलनायिका झालेली नाही!

सोमवार, १७ मार्च

साहेबांनी काढून टाकलं नाही! कच्ची नोकरी आणखी तीन महिने कच्ची. हा घरी येऊन बूट काढत एवढंच म्हणाला, आणि सोफ्यावर आडवा झाला. मी सकाळपासून काय काय कल्पना करून ठेवल्या होत्या. कच्ची तर कच्ची. जीव भांड्यात पडला.

गुरुवार, २० मार्च

तिसरी आवृत्ती आली. या वेळी घाई दिसत नाही. वाचतेय.

सोमवार, २४ मार्च

वाचून झाला. स्वच्छ! जिथे वाढतोय तिथेच कमी होतोय, एकदाच होतोय. वर त्याने टीप लिहिलीय — इथे मोजणी हाताने कमी करू नये, फंक्शन स्वतः करतं, यापूर्वी माझ्याकडून ही चूक झाली आहे. सगळ्यांदेखत लिहिलंय. मी ती टीप दोनदा वाचली.

पण नुसतं वाचून 'तपासलं' लिहायचं नाही. याच्या कंपनीने पाठवलेला बोर्ड, म्हणजे त्या यंत्राचं आतलं उघडं सर्किट, माझ्या टेबलावर आहेच. लावला. झोपवला — झोपला. उठवला — उठला. उत्तम! मग म्हटलं, दोन तास झोपू दे, नंतर बघू. जेवून आले, उठवला. उठेना.

पुन्हा केलं. दोन तास झोपवला. उठेना! लगेच उठवला तर उठतो, लांब झोपला की मेला.

आता काय? पुन्हा हरकत घेऊ? तिसऱ्यांदा? या माणसाशी याच घरात राहायचंय मला.

मंगळवार, २५ मार्च

दिवसभर कोड उलटा-सुलटा केला. काही नाही. कागदावर मोजणी मांडून पाहिली, वाढ, कमी, वाढ, कमी. सगळं बरोबर. तरी बोर्ड मुडदा. आज बाहेरही दोन कामं होती, ती करून आले, तोवर झोपवून ठेवला होता. परत येऊन पाहिलं तर तेच.

आता मलाच काही दिसत नाहीये की काय? डोळे तपासायला जायला हवं.

बुधवार, २६ मार्च

अरे देवा! अरे देवा!

आज बोर्ड झोपवला आणि तिथेच खुर्चीत बसून राहिले, म्हटलं बघूच काय होतं ते. थोड्या वेळाने सासूबाई आल्या, मला बघून दचकल्या, म्हणाल्या, आहेस होय इथे? आणि सरळ टेबलाखाली वाकून प्लगचं बटण बंद केलं!

मी म्हटलं, "आई, हे काय करताय?"

"काय म्हणजे? रोज चालू ठेवून जाता तुम्ही. दिवा मिणमिणत असतो नुसता. मी बंद करते आणि तुझ्या यायच्या सुमाराला परत लावते, म्हणजे तुला त्रास नको."

तुला त्रास नको! बोर्डाची वीजच जात होती, उठणार कुठून तो! त्याची सगळी स्मरणशक्ती गेलेली, आणि मी याच्या कोडात भुतं शोधत होते. मी एवढी हसले, एवढी हसले की हा धावत आला. त्याला सांगितलं. तोही भिंतीला टेकून हसायला लागला. सासूबाई आमच्या दोघांकडे बघत राहिल्या, म्हणाल्या, वीज वाचवायची नोकरी तुझी आणि घरात मी वाचवली तर एवढं काय ते हसायचं?

दोन आठवड्यांत पहिल्यांदा आम्ही दोघं एकदम हसलो. नियमही मोडला. घरात पॅचबद्दल बोललो, मोजून एकेक वाक्य. मी म्हटलं, आता उठतोय. हा म्हणाला, लिस्टवर लिहा, मॅडम.

संध्याकाळी प्लगवर कागद चिकटवून, बोर्ड लांब झोपवून, उठवून पाहिला. उठला. तेव्हा लिहिलं — तपासलं. खाली माझं नाव. हलकं हलकं वाटतंय.

गुरुवार, ३ एप्रिल

आज हा घरी आला तो बूटही न काढता थेट स्वयंपाकघरात!

झालं असं. साहेबांना धीर निघत नव्हता. त्यांनी ती दुसरी आवृत्ती — मी अडवलेली — परस्पर दहा-बारा यंत्रांत घालून एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या गोदामात दाखवायला नेली. कर्नलमध्ये कधी जाईल तेव्हा जाईल, आपलं काम अडायला नको, असं त्यांचं म्हणणं. तिथे माल मोजता मोजता यंत्रं झोपायला लागली. एक झोपलं, मग दुसरं. गिऱ्हाईक बघतंय, साहेब यंत्र हलवतायत. शेवटी याला फोन. याने जाऊन तिसरी आवृत्ती घातली. त्यानंतर दिवसभर एकही झोपलं नाही.

साहेबांनी विचारलं म्हणे, हे होणार तुला आधीच माहीत होतं? हा म्हणाला, "लिस्टवर होतं, साहेब. सगळ्या जगाला माहीत होतं."

हे सांगताना याने माझ्याकडे असं पाहिलं, की मला भाजी ढवळायचं निमित्त शोधावं लागलं. क्वचितच होईल म्हणत होते ना मी? गोदामात पत्र्याखाली चिप तापते, उठायला सारखा नकार देते. मला कुठे माहीत होतं! त्या दिवशी 'हरकत नाही' लिहिलं असतं तर आज माझ्या नावाने ती यंत्रं झोपली असती. सुटले!

मंगळवार, ८ एप्रिल

कायम!! कागद हातात. तीन महिने थांबायला लागलं नाही, गिऱ्हाइकाने मागणी दिली त्याच दिवशी साहेबांनी सही केली. सासूबाईंनी कागद चष्मा लावून दोनदा वाचला, मग म्हणाल्या, आता दोघांनी तोंडं वर करा. दुपारी मी चक्क झोपले. भर दुपारी, पंख्याखाली, मेल्यासारखी. कित्येक आठवड्यांची झोप एकदम आली.

सगळं छान झालं. तरी एक गोष्ट मनातून जात नाही. तो शुक्रवार माझ्यामुळे हुकला. नशिबाने पुढे सावरलं, पण ते दोन-तीन आठवडे हा रोज सकाळी नोकरी जाणार असं समजून कामाला लागत होता, आणि ते मी केलं होतं. हा त्याबद्दल कधी बोलला नाही. मीही विचारलं नाही. नवराबायकोत असं एखादं राहतंच, असं स्वतःला समजावलंय.

गुरुवार, १० एप्रिल

आजोबांचा मेल. लिस्टवर नाही, मला एकटीला. पुढच्या खेपेत याचा पॅच घेतला असं कळवलंय, आणि जाता जाता — 'तुम्ही दोघं सारखेच हट्टी. मार्चमध्ये दार बंद व्हायच्या आधी मी त्याला खासगीत लिहिलं होतं, की दुसरी आवृत्ती आहे तशी आत्ता घेतो, दुरुस्ती मागाहून पाठव, असं आपण करतो कधीकधी. तर त्याचं हे उत्तर.' खाली याचं उत्तर जोडलंय. एकच ओळ — 'तिची हरकत बरोबर आहे, ती मिटेपर्यंत कृपा करून घेऊ नका.'

तारीख पाहिली. मंगळवार, ११ मार्च, सकाळ. मी हरकत पाठवल्यावर लगेचच.

दार मी बंद केलंच नव्हतं. त्याने केलं होतं.